माझ्या कोटातला दुबईचा विजेता

बोर्डावर ज्याचा फोटो असतो, त्याला कुणीही विचारलेलं नसतं. आमच्या धंद्यातलं हे पहिलं सत्य. चौकात वीस फुटी फ्लेक्सवर एखादे मोठे साहेब हसतमुख उभे असतात, खाली कुणा बंड्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा असतात. बंड्या कोण हे साहेबांना ठाऊक नसतं, आणि आपण त्याला हात जोडलेत हे तर मुळीच ठाऊक नसतं. हात मी जोडलेले असतात. पुष्कळदा हात एकाचे, खांदे दुसऱ्याचे आणि साहेबांचं फक्त तोंड. लोक खालून बघतात आणि म्हणतात, बंड्याची वरपर्यंत ओळख दिसते. एवढ्या एका समजुतीवर माझं घर चाललं, दोन मुलींची लग्नं झाली, त्यामुळे मी तिची चेष्टा करत नाही. पण तिची खरी ताकद मला कळली ती मंद्रूपच्या सिद्राममुळे, आणि तो सगळा प्रकार असा काही भन्नाट होता की आज लिहितानाही मला खुर्चीत धड बसवत नाही.

मी सोलापूरच्या बाळीवेशीतला मल्लू पेंटर. पेंटर हे नाव ब्रशच्या काळातलं. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची फळी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, गड्ड्याच्या जत्रेतले पाळणेवाल्यांचे बोर्ड, सगळं हातानं रंगवलं. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि वर्षभरात ब्रश वाळून गेले. चाळिशीला आलेला मी माउस धरायला शिकलो. पहिले सहा महिने माउस टेबलावरून खाली पडायचा आणि मी त्याला कानडीत शिव्या द्यायचो. ब्रशनं काम करताना हात हलला की चूक लगेच दिसायची, येणाराजाणारा दाखवून द्यायचा. फ्लेक्सवर चूक झाकता येते. मला वाटतं धंदा तिथंच थोडा बिघडला, पण त्या वेळी मला ती सोयच वाटली.

काम कसं चालतं ते सांगतो. गिऱ्हाईक फोनमधला फोटो पाठवतो. तो फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला असतो, गळ्यात मित्राचा हात, मागं जेवणाची पंगत, तोंडात जिलबी. त्यातून फक्त तोंड कापून घ्यायचं. याला आम्ही कटिंग म्हणतो. कानाच्या कडेनं, केसांच्या कडेनं, हनुवटीखालून, हळूहळू. मग ते तोंड चांगल्या कपड्यांवर बसवायचं. मान आणि गळा जिथं जुळतो, तिथं खरी कसोटी. तिथली सावली चुकली की माणूस कापून ठेवल्यासारखा दिसतो. लहान फोटो फार मोठा केला की तो फुटतो, म्हणजे त्याचे चौकोन चौकोन दिसायला लागतात. शेवटी खाली शुभेच्छुकांची रांग लावायची. या रांगेवरून मी भावाभावांत बोलणं बंद झालेलं बघितलंय. दोन चुलतभाऊ एकदा खरोखरच फूटपट्टी घेऊन दुकानात आले होते, एकाचं तोंड दुसऱ्यापेक्षा दोन बोटं मोठं झालं म्हणून. त्यांना मी सांगितलं, तोंड सारखंच आहे, यांचे केस जास्त आहेत. दुसरा टकला होता, तो आणखी चिडला.

चांगल्या कपड्यांची अडचण मी माझ्या लग्नाच्या कोटानं सोडवली. गडद निळा कोट. शेजारच्या फोटोग्राफरकडून तो अंगात घालून फोटो काढून घेतला, माझं तोंड कापून टाकलं आणि कोट कॉम्प्युटरमध्ये ठेवून दिला. त्या कोटाचं तिसरं बटण वेगळं आहे. वरातीत मूळचं बटण तुटलं, तेव्हा आमच्या सुगलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, दुसऱ्या दिवशी माहेरच्या डब्यातलं एक तपकिरी बटण शिवलं. कॉम्प्युटरवर ते निळं करायला दोन सेकंद लागतील, पण मी कधी केलं नाही. चित्रकार कोपऱ्यात सही करतो, माझी सही ते बटण. अक्कलकोटपासून टेंभुर्णीपर्यंत किती सरपंचांनी, चेअरमन लोकांनी आणि नवरदेवांनी माझा कोट घातलाय याची गणती नाही. एका पैलवानाची मान त्यात बसेना, म्हणून कोट दोन्ही बाजूंनी ताणला. बोर्डावर पैलवान कपाटासारखा दिसत होता आणि तो इतका खूश झाला की मला खांद्यावर उचलायला निघाला.

तर सिद्राम. मंद्रूपचा, बत्तीस वर्षांचा, बारावी झालेला. गावात त्याचं मोबाइल रिचार्जचं छोटं दुकान, आणि घरी वडिलांच्या मागं राहिलेली मेंढरं. ती त्याची आई सुंदराबाई राखायची. एका सकाळी हा पेढ्यांचा पुडा घेऊन दुकानात आला.

"पेंटरमामा, दहा बाय आठचा बोर्ड. वर अभिनंदन तीन बारी."

"कशाबद्दल रे?"

"बिटकॉइन लागलंय मला. दोन."

मी पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच राहिला. बिटकॉइन म्हणजे हातात न येणारं, फोनमध्येच राहणारं नाणं, एकेकाचा भाव लाखांत, एवढं पेपरात वाचलेलं होतं. सिद्रामनं सगळं सांगितलं. परदेशातला एक बडा उद्योगपती लोकांचे आभार मानायला आपल्याजवळची नाणी वाटतोय, असा व्हिडिओ त्याला फोनवर दिसला होता. त्यानं लिंक दाबली, नाव आणि नंबर भरला, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं की जगभरातून निवडलेल्या थोड्या लोकांत तुम्ही आहात. मग त्याला विजेत्यांच्या ग्रुपात घेतलं. त्या ग्रुपात रोज कुणाला ना कुणाला नाणी मिळत होती आणि तो हात जोडून आभार मानत होता.

"आली का मग नाणी?" मी विचारलं.

"यायचीत. नाव तर आलंय की."

नाणी आलेली नसताना बोर्ड लावणारा माणूस फक्त आपल्याकडंच भेटेल. आमच्याकडं निकाल लागायच्या आधी विजयाचा बोर्ड छापून तयार असतो, बदलीची ऑर्डर निघायच्या आधी स्वागताचा. त्यामुळे मला त्यात वावगं काही वाटलं नाही. वर त्या उद्योगपतीचं तोंड हवं होतं, म्हणून सिद्रामनं मला तो व्हिडिओ दाखवला. आणि इथं मला एक गोष्ट कबूल करायची आहे. साहेब बोलत होते, ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, पण कंठ जागचा हलत नव्हता. बोलताना माणसाचा कंठ वरखाली होतोच. मी हजारो माना जोडल्यात, मला माना कळतात. ही मान जोडलेली होती. मी ते बघितलं आणि गप्प बसलो. गिऱ्हाईक आनंदात होतं, पेढे आणलेले होते, आपण कशाला तोंड घालायचं असं मनात आलं. ती चूक माझी, आणि ती झाकायची माझी इच्छा नाही.

बोर्ड मात्र सुरेख झाला. वर साहेब, खाली माझ्या कोटात सिद्राम, मागं सोनेरी नाण्यांचा पाऊस. सिद्रामनं तो मंद्रूपच्या वेशीवर रस्त्याच्या कडेला उभा केला.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. उद्या बाजारच्या दिवशी गावात त्याचा सत्कार ठरला होता आणि त्याला स्टेजमागं लावायला दुसरा बोर्ड हवा होता.

"खाली शुभेच्छुकात कोण कोण?" मी विचारलं.

"गावातले सगळ्यांच्याच बोर्डावर असत्यात, मामा. मला फारेनचे पायजेत. ग्रुपातल्या विजेत्यांचे फोटो पाठिवतो, त्यांची रांग लावा."

फोटो आले. अमेरिका, कॅनडा, दुबई, सिंगापूर. प्रत्येकाच्या खाली नाव आणि मिळालेली नाणी. मी कटिंगला बसलो. दोन गोरी तोंडं कापली, तिसरं घेतलं. मिस्टर अँड्र्यू, दुबई, चार बिटकॉइन. ठेंगणा, सावळा, मिशीवाला. कॉलरपासून खाली येत गेलो आणि हात थांबला. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण काय ते कळेना. तेवढ्यात सुगला जेवणाचा डबा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "अवो, हे माझं बटण आहे."

मी फोटो मोठा केला. निळा कोट. तिसरं बटण तपकिरी. दोऱ्याचा तिरका टाकासुद्धा तोच.

मला तेव्हा काय झालं हे सांगता येणार नाही. अंगावर काटा आला आणि हसूही फुटलं. मी उठून दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या. सुगला म्हणाली, बसा, पडाल. दुबईचा विजेता माझ्या लग्नाच्या कोटात उभा होता. आता तोंडाकडं नीट बघितलं, तर तेही माझंच कटिंग. टेंभुर्णीच्या नाक्यावर ढाबा चालवणारे गणपतराव, तीन वर्षांपूर्वीचा त्यांचा वाढदिवसाचा बोर्ड. कुणीतरी तो बोर्ड फेसबुकवर टाकला असणार, तिथून या लोकांनी गणपतरावांना उचलून दुबईला नेलं. बाकीचे विजेते मी लगेच तपासले. सिंगापूरची बाई आणि कॅनडाचा म्हातारा एकाच खोलीत उभे होते, मागचा पडदा फक्त उलटा केलेला. असली युक्ती मी स्वतः शंभर वेळा केलेली आहे.

गणपतरावांचा नंबर होताच. फोन लावला.

"गणपतराव, तुम्हाला बिटकॉइन लागलं का?"

"काय लागलं? अवो, हितं बोअरला पाणी लागंना, आन् तुमी काय इचारताय?"

"दुबईला कधी गेला होता?"

"पेंटर, दुपारीच घेतली का काय? मी पंढरपूरच्या पुढं गेलो न्हाय कवा."

मी त्यांना सांगितलं की त्यांचं नाव आता अँड्र्यू आहे. त्यांनी विचारलं, किती मिळाले म्हणतात. चार, मी म्हणालो. "मग निदान एक तरी हिकडं धाडायचं की," म्हणाले. माणूस मोठ्या मनाचा. सिद्रामला दाखवण्यासाठी मी त्यांच्याकडून तेच बोलणं पुन्हा एकदा म्हणवून घेऊन फोनवर रेकॉर्ड केलं.

मग सिद्रामला फोन लावला. मागं मेंढरांचा कालवा ऐकू येत होता.

"मामा, मागनं बोलतो. मेंढरं भरायला लागलोय."

"कुठं भरतोयस?"

"इकली. चाळीसच्या चाळीस. चार वाजेस्तोवर नाणी सोडवायची फी भरायची हाय, न्हायतर बक्षीस दुसऱ्याला जातंय. ग्रुपात घड्याळ लावलंय त्यांनी."

"सिद्राम, थांब. ते खोटं आहे."

"असं कसं खोटं असंल? तुमीच तर बोर्ड केला की," तो म्हणाला आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलेना.

दुपारचे दीड वाजत होते. मी मोटरसायकल काढली आणि विजापूर रस्त्यानं सुटलो. साठीच्या घरातला माणूस, हेल्मेट नाही, खिशात दोन फोन, आणि सगळ्या वाटेनं मोठमोठ्यानं बोलत चाललोय. चाळीस मेंढरं म्हणजे त्या घराचं सगळंच होतं. मला भीती वाटत होती, आणि खोटं सांगत नाही, आनंदही होत होता. वीस वर्षं लोकांची तोंडं जोडली, आता पहिल्यांदा कुणाचं तरी जोडलेलं तोंड सुटं करून दाखवायचं होतं.

मंद्रूपच्या वेशीवर माझाच बोर्ड दिसला. त्याच्या अलीकडं पन्नास पावलांवर टेम्पो उभा, निम्मी मेंढरं वर चढलेली. व्यापारी सावलीत बिडी ओढत बसला होता. सुंदराबाई टेम्पोच्या फळीजवळ उभी होती, एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवून तिला वर सोडत होती.

सिद्रामला मी फोन दाखवला, गणपतरावांचं बोलणं ऐकवलं. तो ऐकून घेईना. "एक माणूस खोटा असंल, मामा. बाकीच्यांचं काय? हे बगा, माझ्या नावावर दोन जमा दिसत्यात." त्यानं त्या लोकांच्या वेबसाइटवरचा आकडा दाखवला. मी म्हणालो, अरे, आकडा काय, मीपण काढतो. बोर्डावर मी हजारोंच्या उपस्थितीत असं छापतो आणि मांडवात वीस माणसं असतात. पण तो घड्याळाकडं बघत होता. त्याच्या डोळ्यांसमोर ते घड्याळ उलटं धावत होतं आणि माणसाला विचार करू द्यायचा नसला की असंच घड्याळ लावतात, हे मला तेव्हा कळलं.

सुंदराबाईनं विचारलं, "पेंटर, काय झालंय? मला सांगा."

बिटकॉइन तिला कसं सांगू? मी तिला वेशीवरच्या बोर्डाखाली नेलं. वर तिचा लेक सहा फुटी कोटात उभा होता.

"हा कोट कुणाचा?" मी विचारलं.

"तुमचाच असंल. आमच्या सिद्रामकडं कुटला कोट? मला तवाच आवडला न्हवता."

"तिसरं बटण बघा. वेगळं आहे. माझ्या बायकोनं शिवलंय. आता हा फोनमधला माणूस बघा. हे लोक म्हणतात हा दुबईचा, याला बक्षीस दिलं. याचं बटण बघा."

तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग बोर्डाकडं बघितलं. मग परत फोनकडं. तिच्या मेंढरांच्या कानाला खाच असते, डाव्या कानाला, टोकापासून बोटभर आत. प्रत्येक घराची खाच वेगळी, म्हणजे कळप मिसळले तरी आपली मेंढी ओळखू येते. ती सिद्रामकडं वळली.

"माझ्या खाचेची मेंढी दुसऱ्याच्या वाड्यात घावली, तर मी काय म्हणीन? त्यानं इकत घेतली म्हणीन का चोरली म्हणीन?"

सिद्राम फोनमधल्या बटणाकडं बघत राहिला.

"पेंटरचा कोट त्यांच्या वाड्यात कसा आला, इचार त्यांना."

त्यानं विचारलं. तिथंच उभं राहून ग्रुपात टाइप केलं, की मिस्टर अँड्र्यूंचा फोटो टेंभुर्णीच्या गणपतरावांचा आहे, खुलासा करा. मिनिटाच्या आत त्याला ग्रुपातून काढून टाकलं. एवढ्या जणांच्या ग्रुपात एकानंही त्याच्या बाजूनं विचारलं नाही, कारण तिथं माणूस तो एकटाच होता. बाकी सगळे फोटो होते. तो मटकन रस्त्याच्या कडेला बसला. मला बत्तीस वर्षांचा पुरुष असा बसलेला बघवत नव्हता, पण मनातून मला नाचावंसं वाटत होतं, हे आता लिहून टाकतो.

चार वाजले. त्याच्या फोनवर वेगळ्या नंबरवरून संदेश आला. फक्त तुमच्यासाठी मुदत सहा वाजेपर्यंत वाढवली आहे. सुंदराबाईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "बाजारात इकायला बसलेला बी असंच करतंय. उठून चाललो की भाव उतरिवतंय." आणि तिनं टेम्पोतली मेंढरं परत खाली उतरवायला सुरुवात केली.

सगळंच मात्र वाचलं नाही. व्यापाऱ्यानं आदल्या दिवशी विसार म्हणून थोडी रक्कम दिली होती आणि सिद्रामनं त्या पैशांची नाणी विकत घेऊन ती फीचा पहिला हप्ता म्हणून त्या लोकांना पाठवून दिली होती. अशी नाणी ज्या पत्त्यावर जातात, तो पत्ता म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, मागं कोण आहे ते दिसत नाही, आणि गेलेलं कुठलीही बँक परत ओढून देत नाही. सायबर पोलिसांकडं आम्ही दोघं नंतर तक्रार देऊन आलो. तिथल्या साहेबांनी नीट लिहून घेतलं आणि एवढंच म्हणाले, पहिला संदेश आला त्याच दिवशी यायला हवं होतं. व्यापारी वाईट नव्हता, पण त्याला त्याचा विसार हवा होता. शेवटी पाच मेंढ्यांवर मिटलं. कुठल्या पाच, ते सुंदराबाईनं ठरवलं. तिनं म्हाताऱ्या, लंगड्या दिल्या नाहीत. "विसार चांगल्या मेंढरांचा घेतलाय," म्हणाली आणि चांगल्या पाच बाजूला काढल्या. टेम्पो गेला तेव्हा ती पाठ करून उभी होती. तेव्हा मात्र माझा सगळा उत्साह उतरला. त्या बोलणाऱ्या साहेबांची मान मी पाच दिवसांपूर्वी बघितली होती.

सत्कार अर्थातच गेला. सिद्राम म्हणाला, मामा, उद्या बाजार भरायच्या आत बोर्ड उतरवू, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी सकाळीच शिडी घेऊन पोचलो. पण सुंदराबाई बोर्डाखाली ठाण मांडून बसली होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लोक अभिनंदन कराय येतील. येऊ द्यात. पाच मेंढरं कशी गेली ते त्यांना सांग."

आणि सिद्रामनं सांगितलं. बोर्डाखाली खुर्ची टाकून बसला, शेजारी मी. पहिला माणूस नारळ घेऊन आला तेव्हा यानं नुसता नारळ परत केला. दुसऱ्याला अर्धंच सांगितलं. पाचव्या-सहाव्यापासून गडी असा रंगला की मला मध्ये बोलायला जागा मिळेना. बक्षीस द्यायला निघालेला माणूस आधी आपल्याकडं काही मागतो कशाला, एक पाठवा दोन देतो म्हणणाऱ्याकडं जर इतकी नाणी असतील तर त्याला माझं एक कशाला पाहिजे, असं तो विचारायचा आणि लोक माना डोलवायचे. मग मी व्हिडिओ लावून साहेबांचा न हलणारा कंठ दाखवायचो. पण कंठावर भरवसा ठेवू नका असंही सांगायचो, कारण ही कारागिरी रोज सुधारते आहे आणि पुढच्या वर्षी कंठही हलेल. त्यापेक्षा ज्याचं तोंड दिसतंय, त्याच्या स्वतःच्या, जुन्या, खात्रीच्या पानावर जाऊन बघा, तिथं हे बक्षीस आहे का. आणि फोनमधली नाण्यांची पेटी उघडायचे जे बारा गुप्त शब्द असतात, ते तर बायकोच्या आईलासुद्धा सांगायचे नाहीत. यावर एकजण म्हणाला, तिला तर मुळीच न्हाय. बाजारभर हशा पिकला. दुपारपर्यंत तिघांनी आपापले फोन काढून दाखवले. तोच व्हिडिओ, तेच घड्याळ. तिघांनीही अजून काही पाठवलेलं नव्हतं. सिद्राम प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून हसत होता, आणि मी तर उभाच होतो, बसायचं विसरून गेलो होतो.

दोनच्या सुमाराला शेजारच्या वस्तीवरचे भीमण्णा आले. पासष्टीचे, पांढरा पटका, मागं खिलार बैलांची जोडी. जनावरांच्या बाजाराकडं चालले होते. त्यांना बघून सिद्रामचं हसणं एकदम थांबलं. चार दिवसांपूर्वी त्यानंच दुकानात बसून भीमण्णांच्या फोनमध्ये ती लिंक घालून दिली होती, त्यांचंही नाव निघालं होतं. बैल विकून फी भरायची आणि त्या नाण्यांतून ट्रॅक्टर आणायचा, असं म्हाताऱ्यानं घरी ठरवलं होतं.

सिद्रामनं धावत जाऊन बैलांना अडवलं, रस्त्याकडेच्या खुंटाला बांधलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी त्यात रंग नव्हता. हात जोडलेले होते. भीमण्णा बैलाच्या पाठीवर हात ठेवून ऐकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी मान वर करून बोर्डाकडं बघितलं. वरचे साहेब बघितले, कोटातला सिद्राम बघितला, सोनेरी नाणी बघितली.

"ह्यो कुणी केलाय?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"लई झ्याक केलाय की," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट ऐकलं, खरंच नव्हता. "ह्यो बघूनच तर बैल आणले."

इतक्या वर्षांत माझ्या कामाला अशी शाबासकी कुणी दिली नव्हती, आणि ती ऐकताना कुठं बघावं ते मला कळेना. शेवटी मीच पुढं झालो, खुंटाला बांधलेल्या बैलांचे कासरे सोडले, त्यांची तोंडं वस्तीकडं वळवली आणि कासरे भीमण्णांच्या हातात दिले.